फक्त वाचून दाखवलं

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. आमच्या विभागात एम. ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची ओजेटीची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन काम शिकण्याची, तोंडी परीक्षा चालली होती. बाहेरगावाहून आलेले परीक्षक, शेजारी मी, समोर एक रिकामी खुर्ची आणि टेबलावर स्पायरल केलेल्या अहवालांचा गठ्ठा. दुपारचे तीन वाजले होते, लाइट गेली होती आणि मुलं रुमालाने मान पुसत एकेक करून आत येत होती. अकरावी की बारावी ती आली. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला निर्यातीची द्राक्षं साफ करून पेट्यांत भरणारं एक पॅकहाउस आहे, तिथे तिने आपले १२० तास भरले होते. परीक्षकांनी विचारलं, “तिथे नेमकं काय काम केलंस?” ती म्हणाली, “काही नाही सर, फक्त वाचून दाखवलं.” “काय वाचून दाखवलं?” “कागद. इंग्रजीत जे यायचे ते. मॅनेजरसाहेबांना, शेतकऱ्यांना.” सरांनी मान डोलावली आणि पान उलटलं. अहवालाच्या शेवटी ‘आत्मसात केलेली कौशल्ये’ असं एक पान असतं. बाकीच्यांनी ते काठोकाठ भरलं होतं. तिच्या पानावर पेनने ओढलेली एक आडवी रेघ होती. मी तिला ५० पैकी २९ गुण दिले. तिच्या आधी एका मुलाने लॅपटॉपवर डिजिटल मार्केटिंगच्या रंगीत स्लाइड दाखवल्या होत्या, त्याला ४२ दिले होते.

संध्याकाळी गाडीवरून घरी येताना दोन्ही बाजूंना एप्रिल छाटणी झालेल्या बागा होत्या. काड्यांवर पोपटी फूट आलेली, मध्येच कुठेतरी ब्लोअरचा आवाज आणि वाऱ्यावर औषधाचा तो ओळखीचा, घशाशी बसणारा वास. तिचं वाक्य मनातून जाईना. जेवताना आठवलं, भांडी लावताना आठवलं. त्या ‘फक्त’ने मला छळलं. कारण ‘फक्त वाचून दाखवणं’ म्हणजे काय असतं, ते मी लहानपणी फार जवळून पाहिलेलं आहे.

आमचं गाव लासलगावपासून आत. गावात इंग्रजी येणारा माणूस एकच, मनमाडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले एक आजोबा. तार आली की ती घेऊन लोक त्यांच्याकडे जायचे. मी सात-आठ वर्षांची असेन, शेजारच्या काकूंचं बोट धरून त्यांच्या ओट्यावर गेलेली मला आठवते. आजोबा आधी चष्मा शोधायचे, धोतराच्या सोग्याने काचा पुसायचे. मग तारेचा कागद उजेडाकडे धरून सगळा मनातल्या मनात वाचायचे. तोंडातून अक्षर नाही. समोरचं माणूस श्वास धरून उभं. कधी ते लगेच हसून म्हणायचे, “मुलगा झाला गं.” आणि कधी कागदाची घडी घालून आधी घरात हाक मारायचे, “पाणी आणा.” त्यांनी पाणी मागितलं की बाया तिथेच बसकण मारायच्या. शेवटची तार या देशात २०१३ च्या जुलैमध्ये गेली, आजोबा त्याच्या कितीतरी आधी गेले. पण तो मधला गप्प वेळ मी विसरलेले नाही. चार शब्दांच्या कागदाला ते एवढा वेळ का लावायचे, हे तेव्हा कळायचं नाही. आता वाटतं, त्या वेळात ते तो कागद या माणसाला कसा सांगायचा ते ठरवत असत.

आणि न थांबता वाचलं तर काय होतं, तेही मला ठाऊक आहे.

१९९६ सालच्या दिवाळीची गोष्ट. मी पुण्यात एम. ए. करत होते आणि सुट्टीला मामांकडे गेले होते. मामांनी ठिबक सिंचनासाठी कर्जाचा अर्ज केला होता, त्याचं बँकेकडून पत्र आलं होतं. इंग्रजीत. अंगणात बाज टाकलेली, मामी कंदिलाची वात नीट करत होत्या. मामांनी मोठ्या अभिमानाने ते पाकीट माझ्या हातात दिलं. घरातली पोर इंग्रजीचं शिकत होती ना. मी ओळींवरून नजर टाकली, ‘सँक्शन्ड’ हा शब्द दिसला आणि ओरडले, “मामा, मंजूर झालं!” त्याच्या पुढेच ‘सब्जेक्ट टू’ असं लिहिलं होतं. सोसायटीचा ना हरकत दाखला तीस दिवसांत आणून दिला तर, अशी ती अट होती. माझ्या नजरेतून ती निसटली. मामांनी दुसऱ्या दिवशी पाइपवाल्याला विसार दिला. तीस दिवस गेले, मंजुरी गेली, आणि विसाराचे पैसे वाचवायला मामींच्या पाटल्या गहाण पडल्या. मला कोणी एक शब्द बोललं नाही. मामा एवढंच म्हणाले, “तुला काय माहीत, बँकेची भाषा येगळी असती.” त्याच सत्रात एका शब्दातून दोन अर्थ कसे निघतात, यावर मी बारा पानांचं उत्तर लिहिलं होतं आणि सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. कवितेत मी एकेका शब्दापाशी थबकत होते. मामांच्या पत्रापाशी थबकायचं मला सुचलं नाही, कारण तेही वाचणंच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि पुढे शिकवायला लागल्यावर मीही ते कुणाला सांगितलं नाही.

आमच्या विभागाच्या व्हरांड्यात ‘करिअर मार्गदर्शन’ असा एक फळा आहे. त्यावर वर्षानुवर्षं तेच चार-पाच शब्द असतात. नेट, सेट, बी. एड., एमपीएससी, बँक. सेटचा, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेचा, वर्ग मी स्वतः घेते. कुठलं पुस्तक कुठल्या साली, कुठला लेखक कुठल्या कालखंडात, जोड्या लावा, योग्य क्रम लावा. दुसऱ्या पेपरात शंभर प्रश्न, दोनशे गुण. मुलं रात्र-रात्र तक्ते पाठ करतात. माझी एक फार हुशार विद्यार्थिनी सहा वर्षांपूर्वी महाराष्ट्र-गोव्याची सेट पहिल्या फटक्यात पास झाली. अजून ती दोन गावांतल्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते आणि दिवसाचे दोन तास एसटीत घालवते. सुट्टी लागली की पगार बंद. बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. ते करून, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा देऊन, टेट ही अभियोग्यता चाचणी देऊन मुलं शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जागांची वाट बघत बसतात. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे घरच्यांना समजावून सांगण्यातच त्यांचं निम्मं बळ जातं. फळ्यावर नेट-सेट लिहिताना माझा हात आताशा जड होतो. पण तो शब्द पुसून तिथे काय लिहायचं, हे मला माहीत नव्हतं.

मधल्या काळात कॉल सेंटरची लाट येऊन गेली. २००४-०५ च्या आसपास आमची मुलं पुण्याला मुलाखतींना जायची आणि एकच शब्द घेऊन परत यायची, ‘एमटीआय’. मदर टंग इन्फ्लुअन्स. इंग्रजी व्याकरण पक्कं, पण एमटीआय आहे, म्हणून नापास. मराठीत ‘व’ एकच, इंग्रजीत त्याची दोन अक्षरं, एकाला खालचा ओठ दाताखाली घ्यायचा आणि दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. एक मुलगा रिकाम्या वर्गात मोबाइलच्या काळ्या पडद्यात बघून हा सराव करताना मी पाहिला होता. वाईट वाटलं होतं. आईच्या भाषेचा डाग धुऊन काढायचा असतो, असं त्याला सांगितलं गेलं होतं. पण त्याच मुलाने पुढे त्या पगारातून आईवडिलांचं पत्र्याचं घर पाडून स्लॅब टाकला, आणि वास्तुशांतीला मी पोटभर जेवून आले. त्यामुळे या विषयावर मला तावातावाने बोलता येत नाही. पोटापाण्यासाठी जे करावं लागतं, त्याला मी कोण नावं ठेवणार?

नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला ओजेटी आली, चार श्रेयांकांची. तेव्हा वाणिज्यवाल्यांनी मुलं सीएच्या ऑफिसात पाठवली, रसायनशास्त्रवाल्यांनी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत. आम्ही इंग्रजीवाले एकमेकांकडे बघत बसलो. इंग्रजीच्या मुलांनी ‘काम’ शिकायला जायचं कुठे? शाळा, खाजगी क्लास, फार तर एखादं वर्तमानपत्र. ही मुलगी पॅकहाउसचं पत्र मागायला आली तेव्हा मी नाखुशीनेच सही केली होती. तिची आई हंगामात तिथे घड साफ करायला जाते, घराजवळ आहे, सोयीचं आहे म्हणून जात असेल, असं मी धरून चालले होते.

तोंडी परीक्षेनंतर आठवड्याभराने मी तिला बोलावून घेतलं. म्हटलं, “काय काय वाचून दाखवलंस, ते मला सगळं सांग.” तिने पिशवीतून शंभर पानी वही काढली. पानांवर पाण्याचे डाग होते, कडा फुगलेल्या. पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल गार करायच्या खोलीच्या, दाराशी बसून लिहायची, म्हणाली. आत बाया डोक्याला जाळीची टोपी आणि अंगात अॅप्रन घालून, कात्रीने घडातले बारके, डागी मणी काढतात. अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, भरतात, मग पेट्या, मग गंधकाचा कागद, मग शून्य अंशाच्या आसपासची थंडी. आणि या सगळ्याच्या कडेला एका पत्र्याच्या टेबलावर कागद. निर्यातीचं प्रमाणपत्र हवं असलेल्या बागायतदारांसाठी नियमावली असते, त्यात काही मुद्दे ‘मेजर मस्ट’ असतात, काही ‘मायनर मस्ट’ आणि काही नुसती शिफारस. मेजर मस्ट शंभर टक्के पाळावे लागतात, मायनरला पंचाण्णव टक्के चालतात. शेतकरी सगळंच एका दमात ऐकायचे आणि घाबरून जायचे. हिने वहीत तीन रकाने आखले होते. ‘केलंच पाहिजे’, ‘बहुतेक केलं पाहिजे’, ‘केलं तर बरं’. नववीत आम्ही मुलांना शॅल, शुड, मे, मस्ट शिकवतो आणि रिकाम्या जागा भरून घेतो. हिने ते असे भरले होते.

पुढच्या पानावर एका औषधाच्या डबीवरचं लेबल उतरवून घेतलं होतं. त्यातल्या ‘प्री-हार्वेस्ट इंटरव्हल’ला तिने लाल रेघ मारली होती. एका शेतकऱ्याच्या मुलाने मोबाइलचा कॅमेरा लावून मराठी केलं, तर आलं ‘पूर्व कापणी अंतराल’. त्याने वडिलांना तसंच वाचून दाखवलं. वडील म्हणाले, बरं. कळलं कुणालाच नाही. ही तिथेच होती. ती म्हणाली, “काका, शेवटचं औषध मारल्यापासून माल तोडेपर्यंत एवढे दिवस गेलेच पाहिजेत. आधी तोडला तर तिकडे तपासणीत सापडतो.” मग त्या काकांनी कॅलेंडर मागवलं आणि बोटांवर दिवस मोजले. त्यांचे तीन दिवस कमी भरत होते.

आमच्या भागात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१० चा हंगाम अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला फवारतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, आपल्याकडे ज्याला लिहोसिन म्हणतात त्याचा, अंश युरोपात द्राक्षांत सापडला. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. इथल्या तपासणीच्या यादीत ते नाव नव्हतंच. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले आणि इकडे बागाच्या बागा कर्जात गेल्या. त्या वर्षी आमच्या कॉलेजात फी भरायला आलेले बाप मला आठवतात. ऑफिसच्या खिडकीशी उभे राहून मुदत मागत होते.

तिच्या वहीत माल पोचल्यावर तिकडून येणाऱ्या अहवालांतले शब्दही होते. ‘शॅटर’पुढे ‘मणीगळ’. ‘स्टेम ब्राउनिंग’पुढे ‘देठ तपकिरी पडणे’. ‘ऑन कन्साइनमेंट’पुढे तिने एक पूर्ण वाक्य लिहिलं होतं, ‘भाव अजून ठरलेला नाही, माल तिकडे विकल्यावर ठरेल.’ मी विचारलं, एवढं मोठं का लिहिलंस? म्हणाली, “मॅडम, एक आजोबा पाच वेळा विचारत होते, म्हणजे भाव ठरला ना? मॅनेजरसाहेब नुसतं हो-हो करत होते, घाईत होते. मला ते हो-हो बरोबर वाटलं नाही.” मी काही बोलले नाही. बोलले असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं. मला कंदिलाजवळ बसलेल्या मामी दिसत होत्या.

आणि मग तिने ती ईमेलची गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या एका खरेदीदाराचं पत्र आलं होतं. फार सभ्य. हंगाम चांगला जात असेल अशी आशा, तुमच्या सहकार्याबद्दल आभार, आणि मध्येच एक ओळ, ‘वुई आर अ लिटल डिसअपॉइंटेड विथ द अरायव्हल.’ पॅकहाउसच्या मालकांच्या मुलाने ते वाचलं आणि म्हणाला, थोडेसे नाराज आहेत, चालेल, पुढच्या कंटेनरला बघू. ही हळूच म्हणाली, “सर, ते फार चिडलेत.” सगळे हिच्याकडे बघायला लागले. हिने सांगितलं की ती माणसं राग असा उघड लिहीत नाहीत, त्यांचं ‘लिटल’ आपल्या ‘फार’सारखं असतं, तुम्ही आत्ताच फोन लावा. फोन लावला. पुढचे दोन कंटेनर त्यांनी थांबवायचं ठरवलं होतं, ते बोलणं करून निभावलं. मी विचारलं, “तुला कसं कळलं गं?” ती म्हणाली, “बी. ए.ला नाटक नव्हतं का मॅडम, दिवाणखान्यातलं? तुम्हीच सांगितलं होतं, ही माणसं जितकी गोड बोलतात तितकी आतून तापलेली असतात.” मी हे सांगितल्याचं मला आठवतही नव्हतं. एका पन्नास मिनिटांच्या तासात, अर्ध्या पेंगुळलेल्या वर्गापुढे, परीक्षेत न येणारं एक वाक्य. ते तीन वर्षं तिच्यापाशी राहिलं आणि एका पत्र्याच्या टेबलाशी उपयोगी पडलं.

“मग हे सगळं त्या पानावर का नाही लिहिलंस?”

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, “हे काम थोडंच आहे मॅडम? आई दिवसभर उभी राहून घड कापते, ते काम. मी तर बसून वाचायचे.” मला तिच्या आईचे हात आठवले. सहीला आली होती एकदा, बोटांच्या पेरांवर कात्रीचे घट्टे होते. त्या हातांसमोर वाचण्याला काम म्हणायला ही मुलगी संकोचली, हे मी समजू शकते. पण मी? पंचवीस वर्षं मी वाचण्याचाच पगार घेते आहे. परीक्षेच्या खुर्चीत बसून तिच्या कामाला मीही ‘फक्त’ म्हटलं. मी तिला सांगून टाकलं, “मी तुला चुकीचे गुण दिले. आता बदलता येत नाहीत. पण चूक माझी होती.” ती लाजली आणि म्हणाली, “चालतंय मॅडम.” मला काही ते चालत नाही.

यंदा ओजेटीची पत्रं पाठवताना आम्ही जरा वेगळीकडे बघितलं. तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी, उच्च न्यायालयाची इंग्रजी. अपील वर गेलं की जबाब, खरेदीखतं, सातबारा सगळ्याचं इंग्रजी करावं लागतं आणि वकिलांना तसं नीट करणारं माणूस मिळत नाही. दोन मुलं तिकडे गेली. एक जण दवाखान्यात विम्याच्या कागदांच्या खिडकीवर गेला. नातेवाइकांना पॉलिसीतल्या अटी आणि डिस्चार्जचा कागद समजावून सांगतो. एक मुलगी कृषी सेवा केंद्रात आहे, तिथल्या मालकांना आधी हसू आलं होतं, आता ते तिला सकाळी लवकर बोलावतात. मुलं विचारतात, मॅडम, मोबाइल भाषांतर करतोच की, मग आमचं काय? मी त्यांना ते कॅलेंडर आणि बोटांवर मोजलेले दिवस सांगते. ते तेवढ्याने निश्चिंत होत नाहीत, मीही नाही. नोकऱ्या किती निघतील, कुठे निघतील, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फळ्यावरचे जुने शब्दही मी पुसलेले नाहीत, त्यांच्या बाजूला नवे लिहिलेत एवढंच. फळा आता दाटीवाटीचा झालाय.

सप्टेंबरमध्ये ती बायोडाटा दाखवायला आली. नाशिकच्या एका निर्यातदाराकडे कागदपत्रांचं काम बघायला माणूस हवं होतं. कौशल्यांच्या रकान्यात तिने नेटवरून उतरवलेलं ‘गुड कम्युनिकेशन स्किल्स’ आणि ‘हार्डवर्किंग’ लिहिलं होतं. मी दोन्हीवर काट मारली. म्हटलं, “आधी मराठीत लिही. काय केलंस ते लिही.” बराच वेळ पेन दातात धरून ती बसली. मग एकेक ओळ उतरायला लागली. परदेशी खरेदीदारांची पत्रं आणि मालाचे अहवाल वाचून शेतकऱ्यांना अर्थ सांगितला. प्रमाणपत्राच्या नियमांतले सक्तीचे मुद्दे वेगळे काढले. औषधांच्या लेबलांवरून तोडणीचे दिवस धरून दिले. आम्ही दोघींनी मिळून त्याचं इंग्रजी केलं. ‘समजावून सांगितलं’साठी तीन क्रियापदं बदलली, चौथं तिने सुचवलं आणि तेच नेमकं होतं.

शेवटची ओळ चालू असताना तिचा फोन वाजला. माझ्याकडे बघून तिने तो घेतला. पलीकडून मोठ्याने, घाईघाईने कुणीतरी बोलत होतं, गावाकडचा आवाज, कसला तरी कागद आलाय, फोटो पाठवलाय, लवकर सांग काय म्हणतात ते. तिने फोन कानापासून काढून पडद्यावरचा फोटो मोठा केला. बोटाने खाली-खाली सरकवत गेली, पार शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. खिडकीकडे वळून पडदा उजेडात धरला. पलीकडचा माणूस हॅलो-हॅलो करत होता.

“थांबा काका,” ती म्हणाली, “आधी मला सगळं वाचू द्या.”